उन्हाचा जमाखर्च

नरकचतुर्दशीच्या पहाटे पूर्वी घरोघर तांब्याचा बंब पेटत असे. ढलप्या, गोवऱ्या, डोळ्यांत जाणारा धूर आणि "आता कोणाची पाळी?" अशी हाकाहाक, हे सारे अभ्यंगस्नानाचेच एक अंग होते. आता शहरातल्या कितीतरी गच्च्यांवर काळसर निळ्या काचेच्या नळ्यांची रांग दिसते आणि आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले पाणी पहाटे मुकाट्याने नळाला येते. बंब गेला तसा धूरही गेला, त्याबद्दल कोणी हळहळू नये. मात्र त्या नळीकडे एकदा निरखून पाहावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. नळी दुहेरी असते. दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते आणि आतल्या काचेवर एक काळसर लेप दिलेला असतो. त्याची जाडी आपल्या डोक्यावरच्या केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. हा लेप म्हणजे साधा काळा रंग नव्हे. तो ऊन आत घेतो, पण त्या उन्हाची झालेली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.

पाणी तापवणे हे या लेपाचे सोपे काम. त्याच्याकडे सोपवलेले दुसरे काम फार अवघड आहे. ते म्हणजे उन्हाच्या उष्णतेपासून थेट वीज करायला मदत करणे. थेट म्हणजे अगदी थेट. मध्ये वाफ नाही, फिरणारे चाक नाही, आणि गच्चीवर बसवतात त्या सिलिकॉनच्या तावदानांचाही येथे संबंध नाही. ती तावदाने प्रकाशापासून वीज करतात. मी म्हणतो ती वीज उष्णतेपासून होते.

हा विषय घेण्यास एक पत्र निमित्त झाले. एक वाचक भगिनी लिहितात: "मुलगा पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झाला. भिंगाने आणि आरशांनी ऊन एकवटून त्याच्या उष्णतेची वीज करण्याचा विषय त्याने संशोधनासाठी धरला आहे. ह्यांचे म्हणणे, आपल्याच इमारतीच्या गच्चीवर तावदाने बसली, विजेचे बिल उतरले, प्रश्न मिटला; मग त्यात पाच वर्षे कशाला घालवायची? रोज जेवताना घरात हाच विषय निघतो आणि ताट तसेच राहते. तुम्ही कोणाचीही बाजू न घेता हिशेब मांडून दाखवाल का?"

हिशेब हा शब्द बाईंनी नेमका वापरला आहे. या विद्येचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे एखाद्या बेताच्या मिळकतीच्या संसाराचा जमाखर्चच आहे. मिळकत वाढवावी की गळती थांबवावी, हा तेथलाही प्रश्न. तेव्हा वही उघडून सुरुवातीपासूनच पाहू.

दोन धातू, दोन गाठी

१८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक कडे तयार केले आणि त्याचा एक सांधा तापवला. जवळच ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. सीबेकची समजूत झाली की उष्णतेने धातूत चुंबकत्व उत्पन्न झाले. डेन्मार्कच्या अर्स्टेडने त्याचा खरा अर्थ सांगितला. कड्यातून वीज वाहत होती आणि सुई हलली ती त्या विजेमुळे.

यात एक मेख आहे, आणि ती ध्यानात धरली की पुढचे सारे सोपे होते. वीज उत्पन्न होते ती उष्णतेमुळे नव्हे, तर एक सांधा तापलेला आणि दुसरा थंड, या फरकामुळे. दोन्ही सांधे सारखेच तापवले तर सुई जागची हलणार नाही. कोयनेच्या जलाशयात पाणी कितीही असो, ते डोंगरावरून खाली पोफळीकडे उतरते म्हणून वीज होते. तसेच हे आहे. येथे उष्णता वरून खाली, म्हणजे गरम बाजूकडून थंड बाजूकडे उतरते आणि उतरता उतरता थोडी वीज देऊन जाते.

हे "थोडी" म्हणजे किती? साध्या धातूंच्या जोडीतून एका अंशाच्या फरकाला फार तर काही दशक मायक्रोव्होल्ट मिळतात. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा हिस्सा. पुढे सापडलेला बिस्मथ टेल्युराइड हा पदार्थ बराच उदार आहे. त्याच्या एका कांडीतून एका अंशाला सुमारे २०० मायक्रोव्होल्ट मिळतात. कांड्या दोन जातींच्या करतात आणि दोन्हींची जोडी लावतात, म्हणजे जोडीमागे ४०० झाले. एक टोक २०० अंशांवर आणि दुसरे ३० अंशांवर ठेवले तर १७० अंशांच्या फरकाला एका जोडीतून ०.०६८ व्होल्ट येतील. टॉर्चच्या एका साध्या सेलइतका, म्हणजे दीड व्होल्टचा दाब हवा असेल तर अशा बावीस जोड्या एकापुढे एक लावाव्या लागतील. थेंबे थेंबे तळे साचे, हा येथला न्याय.

मिळकत वाढवण्याची खटपट

उष्णता हवी तर ऊन फुकट आहे, मग तेच का वापरू नये, हा विचार लवकरच निघाला. पण उन्हात ठेवलेली पट्टी फारशी तापत नाही. ती तापवायची तर पुष्कळ जागेवरचे ऊन थोड्या जागेवर आणले पाहिजे. लहानपणी भिंगाने कागद जाळला नाही असा वाचक विरळा, तेव्हा ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

या उद्योगात आपल्या मुंबईचेही नाव येते. मुंबईच्या हायकोर्टात नोकरीस असलेले विल्यम ॲडम्स हे इंग्रज गृहस्थ कुलाब्यात राहत. त्यांनी सपाट आरशांची एक मोठी चौकट उभी केली, सगळ्या आरशांचे कवडसे एका बॉयलरवर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. उष्ण देशांत सूर्य हेच सरपण, या विषयावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. कोळशाचा भाव पाहून हा माणूस आकाशाकडे वळला होता. पण त्याची वाट वाफेची होती. दहाच वर्षांनी, १८८८ साली, अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी एकवटलेले ऊन थेट धातूंच्या सांध्यांवर पाडून वीज मिळवण्याच्या योजनेची पेटंटे घेतली. कल्पना नामी होती, पण हाती येणारी वीज नगण्य.

खरी नोंद घ्यावी असा आकडा १९५४ साली मिळाला. हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या मारिया टेल्केश या बाईंनी तो प्रसिद्ध केला. त्यांचे आयुष्यच सूर्याला वाहिलेले होते. महायुद्धात समुद्रात सापडलेल्या नाविकांसाठी खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे सौरपात्र त्यांनी तयार केले, आणि १९४८ साली उन्हाच्या साठवलेल्या उष्णतेने थंडीत उबदार राहणारे एक घरही बांधून घेतले. त्यांच्या तापविद्युत् यंत्राने साध्या उन्हात १०० भागांपैकी ०.६३ भागांची वीज केली. भिंगाने ऊन पन्नास पट एकवटल्यावर तोच आकडा ३.३५ झाला.

आता दैवाचा खेळ पाहा. त्याच १९५४ साली अमेरिकेच्याच बेल प्रयोगशाळेतून सिलिकॉनच्या सौरघटाची बातमी बाहेर पडली. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती, आणि त्याला ना भिंग लागे ना थंड बाजू. जगाचे लक्ष आणि पैसा तिकडे गेला. थोरली बहीण घरातच राहिली आणि धाकटीचे लग्न झाले.

उष्णता पळते त्या तीन वाटा

टेल्केशबाईंच्या यंत्रात आलेल्या उष्णतेपैकी ९६ टक्क्यांहून अधिक वाया गेली, ती गेली कोठे? तापलेल्या पत्र्यातून उष्णता तीन वाटांनी पळते, आणि तिन्ही वाटा अडवणारी माणसे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारणांनी काम करत होती.

पहिली वाट हवेची. पत्र्याला लागलेली हवा तापते, वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. ही वाट बंद करण्याचा उपाय सर जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली केला. भांड्याच्या दोन भिंतींमधली हवाच काढून टाकायची. आपला थर्मास तो हाच.

दुसरी वाट अदृश्य किरणांची. तापलेली प्रत्येक वस्तू किरण फेकते, मग ती निर्वात जागेत असली तरी. हिशेब करून पाहा. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊन पडते. पण २०० अंशांवर तापलेला एक चौरस मीटरचा पूर्ण काळा पत्रा २,८०० वॉटहून अधिक उष्णता किरणांनी बाहेर टाकतो. मिळकत हजाराची आणि खर्च अठ्ठावीसशेचा! म्हणून साध्या उन्हात ठेवलेला काळा पत्रा, निर्वात जागेत आणि मागून नीट झाकून ठेवला तरी, १३० अंशांच्या आतच अडकतो. बरे, काळा रंग काढून तो चकचकीत करावा, तर किरण फेकणे कमी होते पण ऊन घेणेही थांबते. जो चांगले शोषतो तोच चांगले फेकतो, हा निसर्गाचा नियमच आहे.

या नियमातली फट शोधली इस्रायलच्या हॅरी टेबर यांनी. नियम खरा, पण तो एका लांबीच्या लहरींपुरता. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, म्हणून त्याच्या लहरी आखूड. आपला पत्रा दोनशे-चारशे अंशांचा, म्हणून त्याच्या लहरी लांब. दोन्हींचा एकमेकांत फारसा मिसळ होत नाही. तेव्हा आखूड लहरींना काळा आणि लांब लहरींना चकचकीत, असा पृष्ठभाग केला तर? टेबर यांनी १९५५ साली असे लेप जगापुढे मांडले. अमेरिकेतही गीर आणि डंकल हे शास्त्रज्ञ त्याच सुमारास त्याच विचाराला पोचले होते. कृती थोडक्यात अशी की खाली चकचकीत धातू ठेवायचा आणि वर काळ्या द्रव्याचा इतका पातळ थर द्यायचा, की उन्हाच्या आखूड लहरी त्यात अडकाव्यात, पण उष्णतेच्या लांब लहरींना तो थर जाणवूच नये. लांब लहरींच्या दृष्टीने पत्रा चकचकीतच राहतो, आणि चकचकीत धातू किरण फेकण्यात मोठा कंजूष असतो. मच्छरदाणीतून वारा येतो, डास येत नाही. तसाच हा प्रकार. असा लेप दिलेला पत्रा काळ्या पत्र्याच्या शेकडा ५ इतकेच किरण फेकत असेल, तर २०० अंशांवरचा तो अठ्ठावीसशे वॉटचा खर्च दीडशेच्या आत येतो.

इस्रायलने १९८० साली नव्या घरांवर सौर बंब बसवण्याची कायद्यानेच सक्ती केली, त्यामागे टेबर यांची ही पुण्याई होती. आपल्या गच्चीवरच्या नळीतला लेप याच घराण्यातला.

तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण ती खुद्द यंत्रातूनच जाते. तापविद्युत् कांडीचे एक टोक गरम आणि एक थंड. उष्णता तिच्यातून सरळ वाहत गेली तर फरक टिकणार कसा? आल्टेनकिर्ख या जर्मन शास्त्रज्ञाने १९११ साली गणित मांडून सांगितले की चांगला पदार्थ तो, जो विजेला मोकळी वाट देईल आणि उष्णतेला अडवून धरेल. पण धातूंत दोन्ही एकाच वाटेने जातात. तांबे विजेला चांगले, म्हणूनच उष्णतेलाही चांगले. हा पेच सोडवायला धातू सोडून अर्धसंवाहकांकडे वळा, असा आग्रह लेनिनग्राडच्या अब्राम योफे यांनी धरला. दुसऱ्या महायुद्धात रशियन गनिमांच्या हाती त्यांच्या विद्येतून एक किटली आली. खाली जाळ, वर पाणी, आणि मधल्या तळातल्या सांध्यांतून बिनतारी संदेशयंत्राला पुरेल इतकी वीज. युद्धानंतर, १९५० च्या दशकात, रशियाच्या वीज न पोचलेल्या खेड्यांत रॉकेलच्या दिव्यावर बसवायचे एक कडे निघाले. दिवा खोलीत उजेड पाडी, आणि त्याच्या काचेवरून वर जाणाऱ्या उष्णतेवर रेडिओ गाई. दिवाळीच्या अंकात सांगायला याहून चांगला दिवा मला ठाऊक नाही.

योफे यांचा सल्ला खरा ठरला. बिस्मथ टेल्युराइड तांब्याच्या मानाने उष्णता दोन-अडीचशे पट कमी वाहून नेतो. पुढे याहून गमतीचे पदार्थ निघाले. नॉर्वेतल्या स्कुटेरुड या खाणीच्या गावावरून ज्यांना स्कुटेरुडाइट म्हणतात, त्या कोबाल्ट-अँटिमनीच्या स्फटिकांत अणूंचे पिंजरे असतात. पिंजऱ्यात एखादा जड अणू कोंडला की तो खुळखुळ्यातल्या खड्यासारखा हलत राहतो आणि उष्णतेच्या लहरींचा रस्ता बिघडवतो. वीज मात्र पिंजऱ्याच्या गजांतून निर्वेध जाते.

तिन्ही कुलुपे एका दाराला

निर्वात पेटी, निवडक लेप आणि उत्तम कांड्या या तिन्ही गोष्टी एकत्र येऊन त्यांचा डोळ्यांत भरेल असा गुण दिसायला २०११ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील गँग चेन आणि झिफेंग रेन यांच्या मंडळींनी एक सपाट यंत्र केले. त्याला भिंग नव्हते. लेप दिलेली तांब्याची पातळ पट्टी ऊन घेई आणि ती सारी उष्णता खालच्या बारीक कांड्यांकडे नेई. कांड्यांच्या तोंडापेक्षा पट्टीचे क्षेत्रफळ दोनशे पटींहून अधिक होते. मोठ्या कौलारू छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळीतून एकाच घागरीत पडते, तशी ही उष्णता. साध्या, न एकवटलेल्या उन्हात त्यांना ४.६ टक्के वीज मिळाली. टेल्केशबाईंचा ०.६३ आठवा. सात पटींची ही वाढ मिळकत वाढवून झाली नाही, ती गळती थांबवून झाली.

मग २०१६ साली त्याच शाळेतल्या शास्त्रज्ञांनी मिळकतही वाढवली. ऊन सुमारे दोनशे पट एकवटले, गरम टोक ६०० अंशांकडे नेले, वरच्या भागात स्कुटेरुडाइट आणि खाली बिस्मथ टेल्युराइड अशा जोडकांड्या लावल्या. यंत्रावर पडलेल्या उन्हापैकी ९.६ टक्क्यांची वीज झाली. भिंगात आणि आरशांत जे ऊन वाया गेले तेही हिशेबात धरता आकडा ७.४ टक्के राहिला.

शिल्लक किती?

आता वहीच्या तळाशी येऊ. एका चौरस मीटरवर दुपारी १,००० वॉट ऊन पडते. प्रयोगशाळेतले हे उत्तम यंत्र त्याचे ७४ वॉट देईल. बाजारात मिळणारे सिलिकॉनचे तावदान २०० वॉट देते. तावदान एकदा ठोकून बसवले की झाले. एकवटणाऱ्या भिंगांना आणि आरशांना मात्र सूर्यफुलासारखे दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवावे लागते, आणि ढग आले की त्यांचे काम बंद पडते, कारण विखुरलेला प्रकाश एकवटता येत नाही. कोकणातल्या आषाढ-श्रावणात अशा यंत्राने काय करावे? शिवाय टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात सोन्याच्या पंक्तीला बसण्याइतके विरळ. मोठ्या प्रमाणावर ऊन एकवटायचेच असेल तर वाफेची जुनी वाट आहेच. राजस्थानात २०१३ साली सुरू झालेले ५० मेगावॉटचे केंद्र आरशांच्या पन्हळींवरच उभारलेले आहे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ आरसेदार तबकड्या बसल्या, त्याही वाफेवर अन्न शिजवण्यासाठी.

म्हणजे गच्चीवरच्या विजेपुरते बोलायचे तर त्या घरातल्या वडिलांचे म्हणणे खरे आहे. तावदानाशी सरळ स्पर्धा केली तर हे यंत्र हरते, आणि ते कोणी आपल्या माथी मारू पाहील तर पैसे देऊ नयेत.

पण जमाखर्चाच्या वहीला दुसरी बाजूही असते. सिलिकॉनचे तावदान वीज देते आणि उरलेली उष्णता वाऱ्यावर सोडते. तापविद्युत् यंत्रातली ९० टक्क्यांहून अधिक उष्णता थंड टोकाकडून बाहेर पडते, आणि ते टोक पाण्याने थंड ठेवले तर तीच उष्णता पाणी तापवते. गच्चीवरच्या सौर बंबाचे दोन चौरस मीटर घ्या. चांगल्या दिवशी त्यावर सुमारे ११ युनिट ऊन पडते. पाणी तापवता तापवता त्यातले ३ टक्के जरी वीज म्हणून काढून घेतले तरी एक तृतीयांश युनिट झाले. नऊ वॉटचे चार दिवे रोज नऊ तास चालतील. अंघोळीचे पाणी आहेच.

दुसरे असे की वाफेचे टर्बाइन लहान केले की परवडत नाही. तापविद्युत् कांडी नखाएवढी असो की खोलीभर, तिची कार्यक्षमता तीच राहते. तिच्यात हलणारा, झिजणारा भाग नाही. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने सूर्यापासून इतकी दूर गेली की तेथे सौर तावदान कुचकामी ठरेल. प्लुटोनियमच्या उष्णतेवर आणि अशाच तापविद्युत् कांड्यांवर ती २०२५ सालीही पृथ्वीला संदेश पाठवत होती. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या कांड्यांना कोणी हात लावला नाही, तेल घातले नाही. आणि उष्णता ही फक्त उन्हाचीच असली पाहिजे असे कोठे आहे? भट्ट्या, बॉयलर, मोटारींची धुरांडी यांतून दिवसरात्र जी उष्णता उधळली जाते, तिला ऊन म्हणा की आग, कांडीला दोन्ही सारखीच.

भगिनींना माझे सांगणे असे. आपल्या चिरंजीवांनी हा विषय खुशाल धरावा, पण घरी सांगताना आणि स्वतःशी बोलताना "गच्चीवरची स्वस्त वीज" असे त्याचे वर्णन करू नये. वडिलांचा राग बहुधा त्या एका वाक्यावर असेल. या यंत्रात खरी अडलेली कामे दोन आहेत आणि दोन्ही कष्टाची आहेत. पहिले, लेप. ६०० अंशांवर काही वर्षे तापत राहिला की खालच्या धातूचे अणू वरच्या थरात सरकू लागतात आणि आखूड-लांब लहरींची ती निवड बिघडते. दुसरे, सांधा. कांडी आणि धातूची पट्टी यांचे प्रसरण सारखे नसते. सूर्य रोज उगवतो आणि रोज मावळतो, म्हणजे पंचवीस वर्षांत सांध्याला नऊ हजारांहून अधिक वेळा तापावे आणि निवावे लागते. एवढ्या ओढाताणीत तो तडकता कामा नये. हे दोन प्रश्न सुटले तर उपयोग केवळ उन्हाच्या यंत्राला होणार नाही, भट्टीच्या धुरांड्यालाही होईल. पाच वर्षांत ते सुटतीलच असे मी म्हणणार नाही. पण उष्ण टोकाच्या सांध्याची आणि लेपाची विद्या ज्याला हाताने येते, तो मुलगा बेकार राहील असेही मला वाटत नाही. यजमानांना हे दोन प्रश्न वाचून दाखवावे, आणि मग ताट वाढावे.

वाचकांसाठी एक गोष्ट. यापुढे "उन्हापासून अमुक पट वीज" अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. कशाच्या मानाने पट? ऊन किती एकवटले होते? आणि आरशांतली गळती धरून की सोडून? २०१६ च्या यंत्राचे ९.६ आणि ७.४ हे दोन्ही आकडे खरे आहेत. घरी आणायचा आकडा दुसरा.

सुटीत मुलांना घेऊन करण्यासारखा एक प्रयोगही देतो. विजेच्या दुकानातून तांब्याची उघडी तार आणि हार्डवेअरच्या दुकानातून बांधकामाची लोखंडी तार, प्रत्येकी हातभर आणा. लोखंडी तारेच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेचा एकेक तुकडा घट्ट पीळ देऊन जोडा. तांब्याची मोकळी टोके मल्टिमीटरला लावा आणि त्याचे बटण मिलिव्होल्टवर ठेवा. आता एक गाठ ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दुसरी पेटत्या पणतीच्या बरीच वर धरा. तार तापते, म्हणून ती धरायला चिमटा घ्यावा आणि मोठ्या माणसाने जवळ बसावे. एखाद्या मिलिव्होल्टच्या आसपास आकडा सरकलेला दिसेल. गाठ ज्योतीतच घालू नका, कारण तांबे-लोखंडाची जोडी फार तापली की चढलेला आकडा पुन्हा उतरू लागतो. नंतर दोन्ही गाठी गार पाण्याच्या एकाच वाटीत बुडवा आणि आकडा कोठे येतो तो मुलांनाच वाचू द्या.